पृष्ठवंशी प्राणिशास्त्र संग्रहालय, बर्कली : उभयचर व सरीसृप संशोधन

पृष्ठवंशी प्राणिशास्त्र संग्रहालय (मूळ नाव : म्युझियम ऑफ व्हर्टिब्रेट झूऑलॉजी) हे अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील आवारातील संशोधन संग्रहालय आहे. त्याची स्थापना १९०८ साली झाली. उभयचर (बेडूक, भेक, सॅलॅमँडर, देवगांडूळ) आणि सरीसृप (साप, सरडे, कासवे, मगरी) यांच्या अभ्यासासाठी ही संस्था जगभर ओळखली जाते. जातींची उत्पत्ती कशी होते आणि उभयचरांची संख्या जगभर का घटत आहे, या दोन प्रश्नांवरील येथील कार्य विशेष महत्त्वाचे मानले जाते. हे संग्रहालय मुख्यतः अभ्यासकांसाठी असून तेथे सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी कायमची प्रदर्शन-दालने नाहीत.

स्थापना व कार्यपद्धती

संग्रहालयाची कल्पना आणि त्यासाठीचे अर्थसाहाय्य ॲनी माँटेग्यू अलेक्झांडर यांचे होते. हवाई बेटांवरील साखर-उद्योजक कुटुंबात जन्मलेल्या अलेक्झांडर स्वतः उत्तम क्षेत्रसंशोधक होत्या. त्यांनी जोसेफ ग्रिनेल यांची पहिले संचालक म्हणून निवड केली आणि १९३९ साली निधन होईपर्यंत ग्रिनेल त्या पदावर होते.

नमुन्यापेक्षाही नमुन्यासोबतची नोंद मोलाची असते, असा ग्रिनेल यांचा आग्रह होता. प्राणी कोठे, केव्हा, किती उंचीवर आणि कोणत्या परिसरात आढळला, सोबत आणखी कोणते प्राणी दिसले, हवामान कसे होते, हे सर्व त्याच दिवशी वहीत लिहिण्याची शिस्त त्यांनी घालून दिली. ही पद्धत आज ‘ग्रिनेल पद्धत’ या नावाने शिकवली जाते. या संग्रहाचे खरे मूल्य अनेक वर्षांनी, कदाचित शतकानंतर कळेल, असे मत त्यांनी १९१० साली मांडले होते.

संग्रह

उभयचर व सरीसृप यांचे दोन लाखांहून अधिक नमुने येथे आहेत. सर्वसाधारणपणे असा नमुना प्रथम फॉर्मॅलिनमध्ये स्थिर करून नंतर अल्कोहोलमध्ये ठेवतात. प्रत्येक नमुन्याला क्रमांक असतो आणि त्या क्रमांकावरून संग्राहकाच्या वहीतील मूळ नोंदीपर्यंत पोहोचता येते. अलीकडच्या नमुन्यांच्या ऊतींचे तुकडे डीएनए-अभ्यासासाठी अतिशीत तापमानात वेगळे जतन केले जातात. संग्रहाची माहिती संगणकीय सूचीद्वारे जगातील अभ्यासकांना खुली आहे.

योसेमिटी सर्वेक्षण

ग्रिनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१४ पासून सिएरा नेवाडा पर्वतरांगेतील योसेमिटी परिसराचे सविस्तर सर्वेक्षण केले. त्याच कामात १९१५ साली उंदरांसाठी लावलेल्या सापळ्यात अनपेक्षितपणे एक अपरिचित सॅलॅमँडर सापडला. चार्ल्स कँप यांनी पुढील वर्षी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. आज तो ‘माउंट लायल सॅलॅमँडर’ म्हणून ओळखला जातो. सर्वेक्षणावर आधारित ग्रंथ ग्रिनेल व ट्रेसी स्टोरर यांनी १९२४ साली प्रसिद्ध केला.

१९९० च्या दशकात चार्ल्स ड्रॉस्ट व गॅरी फेलर्स या संशोधकांनी जुन्या वह्यांतील स्थळांचा माग काढून त्या भागात पुन्हा बेडूक शोधले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार बेडूक व भेक यांच्या सातपैकी किमान पाच जातींची मोठी पीछेहाट झाली होती. ग्रिनेल यांच्या काळी विपुल असलेला पिवळ्या पायांचा डोंगरी बेडूकही त्यांत होता. राष्ट्रीय उद्यान म्हणून संरक्षित असलेल्या भूमीत ही घट झाली होती, आणि जुनी नोंद नसती तर ती मोजताच आली नसती.

वलयजातीचा अभ्यास

रॉबर्ट स्टेबिन्स (१९१५–२०१३) हे संग्रहालयाचे उभयचर-सरीसृप विभागाचे दीर्घकाळ अभिरक्षक होते. पश्चिम अमेरिकेतील उभयचर व सरीसृपांवरील त्यांची मार्गदर्शिका १९६६ साली निघाली. तिच्यातील चित्रे त्यांनी स्वतः रेखाटली होती.

१९४९ साली स्टेबिन्स यांनी एन्सॅटिना या सॅलॅमँडरवर विस्तृत प्रबंध प्रसिद्ध केला. या प्राण्याला फुप्फुसे नसतात. तो त्वचेतून श्वसन करतो. कॅलिफोर्नियाच्या सखल, कोरड्या मध्य खोऱ्यात तो राहू शकत नाही, म्हणून त्याच्या उपजाती खोऱ्याभोवतीच्या डोंगरांत कड्यासारख्या पसरल्या आहेत. शेजारच्या उपजातींचा परस्परांशी संकर होतो. मात्र कड्याची दोन टोके दक्षिण कॅलिफोर्नियात जेथे मिळतात, तेथील एकरंगी आणि ठिपकेदार प्राणी बहुतांशी दोन स्वतंत्र जातींप्रमाणे वागतात. एका जातीपासून दोन जाती होण्याच्या क्रियेतील टप्पे येथे भूप्रदेशावर मांडलेले दिसतात. अशा समूहाला ‘वलयजाती’ म्हणतात.

डेव्हिड वेक (१९३६–२०२१) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे प्रथिने व डीएनए यांच्या साहाय्याने हा विषय तपासला. कडे अखंड नसून त्यात जुने विलगीकरण आणि नंतरचे पुनर्मीलनही आहे, असे त्यातून दिसले. त्यामुळे या उदाहरणाचे चित्र अधिक गुंतागुंतीचे झाले. तरी त्याचे महत्त्व टिकून आहे.

उभयचरांची घट

वेक १९७१ ते १९९८ या काळात संचालक होते. इंग्लंडमधील कँटरबरी येथे १९८९ साली भरलेल्या पहिल्या जागतिक परिषदेत निरनिराळ्या देशांच्या अभ्यासकांनी बेडूक नाहीसे होत असल्याचे सांगितले. त्यानंतर १९९० साली वेक यांच्या पुढाकाराने या प्रश्नावर कॅलिफोर्नियात खास बैठक झाली.

कारणे एकाहून अधिक निघाली. सिएरा नेवाडातील पूर्वी मासे नसलेल्या उंचावरील तळ्यांत गळाच्या छंदासाठी ट्राउट मासे सोडले गेले होते आणि ते बेडूकमाशा खात होते. व्हान्स व्रेडेनबर्ग यांनी काही तळ्यांतून मासे काढल्यावर बेडकांची संख्या वेगाने वाढल्याचे २००४ साली दाखवून दिले. दुसरे कारण म्हणजे त्वचेवर वाढणारी कायट्रिड बुरशी. तिचे शास्त्रीय वर्णन १९९९ साली झाले. उभयचरांना पाणी व क्षार यांचे संतुलन त्वचेद्वारे राखावे लागते. ही बुरशी ते संतुलन बिघडवते आणि अखेर हृदय बंद पडते.

बुरशी केव्हा आली, याचे उत्तर जुन्या बरण्यांत मिळाले. जतन केलेल्या नमुन्यांच्या त्वचेवर बोळा फिरवून बुरशीचा डीएनए शोधता येतो. या तंत्राने २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेक्सिको व मध्य अमेरिकेतील उभयचरांचा ऱ्हास आणि बुरशीचे आगमन यांचा काळ जुळत असल्याचे आढळले. नमुने गोळा करणाऱ्यांना या रोगाची कल्पनाही नव्हती.

उभयचर-माहितीकोश

संग्रहालयाशी संलग्न असलेला ‘अँफिबियावेब’ हा माहितीकोश २००० साली सुरू झाला. त्यात जगातील ज्ञात उभयचर जातींची सूची, वितरण आणि संवर्धनस्थिती दिली जाते. ज्ञात जातींची संख्या आता आठ हजारांहून अधिक आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली येथून २००९ साली वर्णिलेल्या भेकासारख्या सह्याद्रीतील जातींचाही त्या सूचीत समावेश होतो.

नमुनासंकलनाविषयीचा वाद

संशोधनासाठी प्राणी मारणे योग्य आहे काय, हा प्रश्न सर्वच निसर्गेतिहास संग्रहालयांपुढे आहे. अतिदुर्मीळ जातींबाबत छायाचित्र, ध्वनिमुद्रण आणि त्वचेवरील बोळा एवढ्यावर भागवावे, असा एक पक्ष आहे. परवान्याने घेतलेल्या मोजक्या नमुन्यांमुळे जाती नष्ट होत नाहीत आणि छायाचित्रातून आतडी, सांगाडा किंवा रोगजंतू तपासता येत नाहीत, असे दुसरा पक्ष सांगतो. कायट्रिड बुरशीचा इतिहास जुन्या नमुन्यांमुळेच उलगडला, हा या पक्षाचा प्रमुख आधार आहे.