विश्लेषण : संथ लॅपटॉप बदलायचा, की फक्त हार्ड डिस्क?

लॅपटॉप सुरू करून पहिली फाइल उघडेपर्यंत पाच मिनिटे जातात. दुकानात ‘आता नवाच घ्या’ असे सांगितले जाते आणि घरात मोठ्या खर्चाचा विचार सुरू होतो. मात्र सहा-सात वर्षांपूर्वी घेतलेल्या अनेक लॅपटॉपमध्ये अडथळा प्रोसेसरचा नसून हार्ड डिस्कचा असतो. ती काढून एसएसडी बसवणे कधी फायद्याचे, कधी निरुपयोगी आणि त्यात डेटा कसा सांभाळावा, याविषयी…

हार्ड डिस्क संथ का असते?

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर असलेल्या तबकड्या फिरतात. लॅपटॉपमधील बहुतेक डिस्कचा वेग मिनिटाला ५४०० फेरे असतो. माहिती वाचणारे हेड योग्य जागी पोहोचेपर्यंत दर वेळी साधारण १५ मिलिसेकंद जातात. विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइल वाचल्या जातात, त्यामुळे ही प्रतीक्षा वाढत जाते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. फ्लॅश चिपमधील माहिती एका मिलिसेकंदाहूनही कमी वेळात मिळते.

दोष डिस्कचाच, हे कसे ओळखावे?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबल्यास विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘डिस्क’चा आकडा बराच वेळ १०० टक्क्यांवर आणि ‘सीपीयू’चा कमी असेल, तर अडथळा डिस्कपाशी आहे. ‘मेमरी’ही भरलेली दिसत असेल, तर रॅम कमी पडत आहे. रॅम ४ जीबीच असेल, तर एसएसडीबरोबर तीही वाढवणे योग्य. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा फाइल उघडताना लॅपटॉप अडकत असेल, तर ती निकामी होत असण्याची शक्यता असते. अशा वेळी आधी डेटा दुसरीकडे घ्यावा.

कोणती एसएसडी बसेल?

अडीच इंची साटा एसएसडी जुन्या हार्ड डिस्कच्या जागीच बसते आणि सेकंदाला सुमारे ५५० एमबीपर्यंत वेग देते. दुसरा प्रकार एम.२ पट्टीचा. त्यातील एनव्हीएमई एसएसडी साटाच्या कित्येक पट वेगवान असते. मात्र काही लॅपटॉपमधील एम.२ स्लॉटमध्ये फक्त साटा एसएसडीच चालते. त्यामुळे खरेदीपूर्वी लॅपटॉपच्या मॉडेल क्रमांकावरून कंपनीचे सर्व्हिस मॅन्युअल पाहावे. रोजच्या कामात खरा फरक हार्ड डिस्क जाऊन एसएसडी आल्याने पडतो. साटा की एनव्हीएमई, हा फरक त्यामानाने कमी जाणवतो.

डेटा आणि विंडोजचे काय?

जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या एसएसडीवर घेता येते. त्याला क्लोनिंग म्हणतात. क्लोनझिला हे त्यासाठीचे मोफत सॉफ्टवेअर. दुसरा मार्ग ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाकण्याचा. विंडोजचा डिजिटल परवाना प्रामुख्याने मदरबोर्डशी जोडलेला असतो. त्यामुळे फक्त डिस्क बदलल्यास सहसा नवा परवाना घ्यावा लागत नाही. डिस्क बिटलॉकरने संरक्षित असेल, तर रिकव्हरी की आधीच लिहून ठेवावी. कोणताही मार्ग निवडला तरी महत्त्वाच्या फाइलची वेगळी प्रत आधी घ्यावी. पुढेही ही सवय सोडू नये. एसएसडी पूर्वसूचना न देता बंद पडू शकते आणि तिच्यावरून पुसलेली फाइल परत मिळवणे हार्ड डिस्कपेक्षा अवघड असते.

जुन्या डिस्कचे काय करावे?

चांगल्या स्थितीतील डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घालून बॅकअपसाठी वापरता येते. ती दुकानात तशीच सोडू नये. ‘क्विक फॉरमॅट’ने डेटा प्रत्यक्षात पुसला जात नाही, बँकेची कागदपत्रे आणि फोटो परत मिळवता येतात. डिस्क दुसऱ्याला द्यायची असेल, तर ‘क्विक’चा पर्याय काढून पूर्ण फॉरमॅट करावे. बिघडलेली डिस्क अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी.

हा खर्च कधी वाया जातो?

अॅपलच्या अलीकडच्या मॅकबुकमध्ये आणि अनेक स्वस्त लॅपटॉपमध्ये स्टोरेज मदरबोर्डवरच जोडलेले असते, ते बदलता येत नाही. लॅपटॉपमध्ये आधीच एसएसडी असेल, तर नव्या एसएसडीने जागा वाढेल, वेगात मोठा फरक दिसणार नाही. शिवाय मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ही अट एसएसडीने पूर्ण होत नाही. म्हणून आधी प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे ते पाहावे. तो अटीत बसत असेल, तर नव्या लॅपटॉपपेक्षा कितीतरी कमी खर्चात काम भागू शकते. बसत नसेल, तर लिनक्स वापरण्याची तयारी आहे का, हे ठरवूनच एसएसडी घ्यावी.