नळी उकलली म्हणजे ट्रान्झिस्टर झाला असं नाही

कार्बन नॅनोट्यूब म्हणजे गुंडाळलेलं ग्राफीन (कार्बनचा एक अणू जाडीचा पापुद्रा), गुंडाळी सोडली की सपाट पट्टी हाती येते, असं सर्रास सांगितलं जातं. पण या नळीला सुटं टोकच नसतं. भिंतीतला प्रत्येक कार्बन अणू शेजारच्या तिघांशी घट्ट बांधलेला असतो. पट्टी हवी तर नळीच्या लांबीभर एका ओळीतले बंध तोडावेच लागतात.

त्यासाठी एखादं अतिसूक्ष्म पातं लागत असेल, हाही गैरसमजच. २००९ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने हे काम पोटॅशियम परमँगनेटकडून करून घेतलं. विहिरीत टाकतात तीच ही जांभळी पूड! बहुपदरी नळ्या तीव्र सल्फ्युरिक आम्लात भिजवून त्यात ती घातली. तासभर साध्या तापमानाला, मग तासभर ५५ ते ७० अंशांवर. परमँगनेट एक दुहेरी बंध तोडतं, तिथे ऑक्सिजन बसतो आणि लगतच्या बंधावर ताण येतो. साहजिकच पुढचा घाव त्याच्यावर पडतो. कापडवाला कात्रीने जरासा छेद देऊन कापड टर्रकन फाडतो, तशी चीर नळीभर धावते.

हाती येते ती पट्टी मात्र शुद्ध ग्राफीनची नसते. कडांवर आणि पृष्ठभागावर ऑक्सिजन चिकटलेला असल्याने ती वीज नीट वाहून नेत नाही. हायड्रॅझिनने तो बराचसा काढता येतो, सगळा नाही.

सगळ्यात चिवट समज असा की नॅनोपट्टी झाली म्हणजे ती अर्धवाहक झालीच. इथे सगळं रुंदीवर ठरतं. साधारण १० नॅनोमीटरच्या आत आल्याशिवाय ट्रान्झिस्टरला उपयोगी पडेल एवढा ऊर्जा-पट्टभेद (बँड गॅप) मिळत नाही. टूर यांच्या पट्ट्या १०० नॅनोमीटरहून रुंद होत्या. त्याच वर्षी स्टॅनफर्डमध्ये होंगजिए दाय यांच्या गटाने बारीक नळ्या पॉलिमरच्या थरात अर्धवट रुतवल्या आणि उघडी राहिलेली बाजू आर्गॉन प्लाझ्माने खरवडली. त्यांना १० ते २० नॅनोमीटरच्या पट्ट्या मिळाल्या. तरी कडा अणूगणिक नेमकी हवी, तर नळी उकलण्यापेक्षा छोटे रेणू जोडत पट्टी विणणंच बरं, असं माझं मत आहे. २०१० मध्ये सोन्याच्या पृष्ठभागावर ते करूनही दाखवलं गेलं.

म्हणून रुंद पट्ट्या वाया गेल्या असं नाही. टूर यांच्याच गटाने पुढे वीज वाहून नेणाऱ्या तशा पट्ट्या इपॉक्सीत मिसळून हेलिकॉप्टरच्या पात्याच्या तुकड्यावर लेप दिला. त्यातून वीज सोडली की लेप तापतो आणि पात्यावरचा बर्फ वितळतो.