लघुग्रहांची रंगपरीक्षा

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्टेट कॉलेज हे पेन स्टेट विद्यापीठाच्या आधाराने वाढलेले नगर असून, २० नोव्हेंबर २००४ रोजी अवकाशात सोडलेल्या ‘स्विफ्ट’ या नासाच्या वेधशाळेचे नियंत्रण तेथून चालते. तेथे तयार झालेल्या आज्ञा केनियातील मालिंदी येथील अँटेनामार्फत वेधशाळेकडे जातात. गॅमा किरणांचे स्फोट टिपणे हे स्विफ्टचे मुख्य काम होय. परंतु तिच्यावरील अवघ्या ३० सेंटिमीटर व्यासाची, अतिनील आणि दृश्य प्रकाशात पाहणारी दुर्बीण पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांकडेही वळवता येते, आणि रंगावरून त्यांची जात ओळखण्याच्या कामात तिला एक वेगळे स्थान आहे.

ज्या लघुग्रहाची कक्षा त्याला सूर्यापासून १.३ खगोलीय एककांच्या आत आणते, म्हणजे सुमारे साडेएकोणीस कोटी किलोमीटरांहून जवळ आणते, त्याला पृथ्वीनिकट लघुग्रह म्हणतात. असे ३५ हजारांहून अधिक लघुग्रह आज ज्ञात आहेत. पण त्यांपैकी बहुतेकांची कक्षा आणि तेजस्विता यांपलीकडे फारशी माहिती नसते. तेजस्वितेवरून आकार ठरवावा, तर तेथेच अडचण येते: अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी केवळ ४ टक्के परत फेकणारा काळा दगड आणि २० टक्के परत फेकणारा उजळ दगड सारखेच तेजस्वी दिसत असतील, तर काळ्याचा व्यास उजळाच्या सव्वादोन पट आणि घनफळ अकरा पट असते. धोक्याचा अंदाज बांधणाऱ्याला हा फरक डोळ्याआड करता येत नाही, म्हणून रंगाला महत्त्व येते.

रंग मोजण्यासाठी दुर्बिणीपुढे एकामागून एक फिल्टर आणले जातात आणि प्रत्येकातून दिसणारी प्रत, म्हणजे तेजस्वितेचा आकडा, नोंदवला जातो. हा आकडा जितका मोठा तितकी वस्तू अंधुक असते. निळ्या फिल्टरमधील प्रतीतून हिरवट-पिवळ्या फिल्टरमधील प्रत वजा केली की रंगांक मिळतो. सूर्याचा रंगांक सुमारे ०.६५ आहे, कार्बनयुक्त काळपट लघुग्रहांचा सरासरी ०.७० च्या आसपास, तर सिलिकेट खनिजांच्या लघुग्रहांचा ०.८५ च्या आसपास, म्हणजे स्पष्टपणे तांबूस, असतो. याच भेदाच्या आधारे क्लार्क चॅपमन, डेव्हिड मॉरिसन आणि बेन झेलनर यांनी १९७५ मध्ये ‘सी’ आणि ‘एस’ हे दोन मुख्य वर्ग मांडले, आणि १९८४ मध्ये डेव्हिड थोलन यांनी आठ फिल्टरांच्या वेधांवरून वर्गांची संख्या चौदावर नेली. एस वर्गातील ऑलिविन आणि पायरॉक्सिन ही खनिजे अवरक्त भागात एक मायक्रॉनच्या सुमारास प्रकाश शोषून घेतात; सी वर्गाचा वर्णपट मात्र बराचसा सपाट असतो आणि त्याची महत्त्वाची खूण, म्हणजे परावर्तनातील उतार, अतिनील टोकाला सापडते. नेमके तेच टोक पृथ्वीवरील वातावरणातला ओझोन झाकून टाकतो, आणि म्हणूनच या कामी अवकाशातील दुर्बीण लागते.

मोजणी सांगायला सोपी असली तरी करायला किचकट आहे. लघुग्रह स्वतःभोवती फिरत असतो आणि त्याचा आकार ओबडधोबड असतो, त्यामुळे दोन फिल्टरांच्या मधल्या वेळात त्याची रुंद बाजू समोर आली तर तेजस्वितेतील वाढ रंगातील फरक म्हणून फसवू शकते. त्यावर उपाय म्हणून निरीक्षक एकाच फिल्टरकडे पुनःपुन्हा परततात.

गतीची अडचण याहून मोठी. ‘२००५ वाययू५५’ हा सुमारे ४०० मीटरांचा सी वर्गातील लघुग्रह ८ नोव्हेंबर २०११ रोजी चंद्राहूनही जवळून, सुमारे सव्वातीन लाख किलोमीटरांवरून गेला, तेव्हा आकाशातील त्याचा वेग इतका होता की स्विफ्टला त्याचा पाठलाग करणे शक्य नव्हते. म्हणून त्याच्या अपेक्षित मार्गावरील दोन जागांवर दुर्बीण आधीच रोखून ठेवण्यात आली. पहिल्या प्रयत्नात तो सापडलाच नाही. सहा तासांनी मात्र तो महाश्वाच्या चौकोनातून, म्हणजे आपल्याकडील पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांच्या चार ताऱ्यांमधून, सरकताना टिपला गेला. ही दुर्बीण मिळालेली नोंद दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांत विभागू शकत असल्याने केवळ एक रेघ हाती न येता लघुग्रहाच्या तेजस्वितेचा चढउतारही तपासता आला. लहान दुर्बिणीने केलेले हे काम कौतुकास्पदच म्हटले पाहिजे.

रंगाच्या पुराव्याला मर्यादाही आहेत. ‘एक्स’ गटातील काही लघुग्रह धातूंचे, काही अतिशय उजळ, तर काही अतिशय काळे असूनही रंगाने सारखेच दिसतात, आणि त्यांची परावर्तनक्षमता स्वतंत्रपणे मोजल्याशिवाय त्यांना वेगळे करता येत नाही. सौरवात आणि सूक्ष्म उल्कांच्या माऱ्यामुळे दगडाचा पृष्ठभाग तांबूस होत जातो, ती आणखी एक गुंतागुंत. तरीही, या पद्धतीला भरभक्कम आधार मिळाला आहे: इतोकावा हा एस वर्गातील लघुग्रह एलएल कोंड्राइट या उल्कापाषाणांच्या जातीचा असावा असे वर्णपटावरून आधीच सुचवले गेले होते, आणि जपानच्या हायाबुसा यानाने २०१० मध्ये आणलेल्या कणांनी ते खरे ठरवले.

१३ एप्रिल २०२९ रोजी सुमारे ३४० मीटरांचा अपोफिस पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरांवरून, भूस्थिर उपग्रहांच्याही आतून, जाणार आहे. तो एस गटातील दगड आहे, हे कोणतेही यान तेथे पोहोचण्यापूर्वीच, केवळ दुर्बिणीत आलेल्या त्याच्या प्रकाशावरून ठरलेले आहे.