चिंचगुडीला कॅमेरा नव्हता

२९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहितेच्या काठी चिंचगुडीला पडलेल्या तारखात्याच्या छावणीवर मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके आणि त्यांचे साथीदार व्यंकटराव यांच्या माणसांनी छापा घातला. गार्टलँड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले, पीटर नावाचा तिसरा निसटला. नागपूरचं राज्य खालसा होऊन जेमतेम चार वर्षं झाली होती आणि तारेचे खांब ही नव्या सत्तेची सर्वांत दृश्य खूण होती. त्या दोघांशी कुणाचं खासगी वैर असल्याचं दिसत नाही. ते ज्या कामावर होते, त्या कामासाठी ते मारले गेले, म्हणून या हत्येला मी राजकीय हत्या म्हणतो. पुढे अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंच्या मदतीने बाबूराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, तुरुंगात पिंपळाखाली त्यांना फाशी झाली. हा सगळा इतिहास आपल्यापर्यंत आला तो मुख्यतः मेजर ल्यूसी स्मिथच्या १८६९ च्या जमाबंदी अहवालातून आणि १९०९ च्या चांदा गॅझेटियरमधून. दोन्ही सरकारी कागद. त्यांत गोंड माणूस स्वतः बोलत नाही, त्याच्याविषयी बोललं जातं. म्हणूनच वाटतं, चिंचगुडीचं एखादं छायाचित्र असतं तर किती बरं झालं असतं. ही इच्छा मला फार दिवस खरी वाटत आली, पण पुराव्यांकडे नीट पाहिलं की ती तपासून घ्यावी लागते.

कारण त्याच वसंतात, १८५७ च्या उठावाची छायाचित्रं काढणारा एक माणूस हिंदुस्थानात होता. फेलिचे बेआतो १८५८ च्या आरंभी कलकत्त्याला उतरला आणि लखनौला गेला. सिकंदरबागेच्या भग्न वाड्यासमोर माणसांच्या हाडांचा सडा दाखवणारं त्याचं चित्र जगभर गाजलं. बंडवाल्या शिपायांची तिथली कत्तल नोव्हेंबर १८५७ मधली, चित्र त्यानंतर काही महिन्यांचं. मृतदेह तोवर झाकून टाकले होते, पण छायाचित्रकाराने ते उघडे करायला लावले, असं सर जॉर्ज कॅम्बेल यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. चित्रातली हाडं खरी, मेलेली माणसं खरी, इमारतही खरी, फक्त तो क्षण मांडलेला. बेआतो चांद्याला आला असता तर तो तिथल्या डेप्युटी कमिशनर क्रिक्टनसाहेबाच्या बाजूने आला असता, त्याच्याच शिपायांच्या संरक्षणात. त्याने गार्टलँडची कबर टिपली असती, कदाचित पिंपळाखालची फाशीही. मोलमपल्लीचं जंगल आतून पाहायला त्याला वाटच नव्हती. छायाचित्र घटनेविषयी काही सांगण्याआधी हे सांगतं, की कॅमेऱ्याला कुठे उभं राहू दिलं होतं आणि कुणी.

बाबूरावांचा चेहरा आज गडचिरोली-चंद्रपुरात पुतळ्यांवर, फलकांवर आणि २००९ च्या टपाल तिकिटावर दिसतो. तो चित्रकाराच्या कल्पनेतला आहे. यावर आक्षेप घेणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्या समाजाच्या माणसाला सरकारी कागदाने फक्त बंडखोर म्हणून नोंदवलं, त्या समाजाने त्याला चेहरा द्यावा यात गैर काय? ते चित्र १८५८ चा पुरावा नसेल, पण २००९ चा पक्का पुरावा आहे. दीडशे वर्षांनी राज्यसंस्थेला इंग्रज सरकारने फाशी दिलेल्या माणसाला मान द्यावासा का वाटला, हे त्यातून शोधता येतं. घोटाळा होतो तो अशी चित्रं घटनेची साक्ष म्हणून छापली जातात तेव्हा. गांधीहत्येचं घ्या. ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी गोळ्या सुटल्या त्या क्षणाचं एकही छायाचित्र नाही. तरी नथुराम गोडसे पिस्तूल रोखून समोर उभा असल्याचं एक चित्र अस्सल म्हणून फिरत असतं. ते १९६३ च्या ‘नाइन अवर्स टू रामा’ या चित्रपटातलं दृश्य आहे. रिकामी जागा लोकांना सहन होत नाही आणि सिनेमा ती भरून काढतो.

एकटं चित्र साक्ष ठरत नाही या म्हणण्यावर सर्वांत वजनदार हरकत अशी, की काही छायाचित्रांनी खरोखरच खुनाचा छडा लावला आहे. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली, तेव्हा हरिबाबू नावाचा तरुण छायाचित्रकार स्फोटात मेला, पण त्याचा कॅमेरा शाबूत राहिला. आतल्या फिल्मवर दहा चित्रं निघाली. एका चित्रात चंदनाचा हार हातात घेतलेली, चष्मा लावलेली तरुणी होती. ती धनू, अंगावर बॉम्ब बांधून आलेली. तिच्याजवळ सभेला आलेल्या लता कण्णन आणि कविता म्हणून दाखवायला आलेली त्यांची मुलगी कोकिळा. कडेला पांढऱ्या कुर्त्यातला, हातात वही घेतलेला एक माणूस, पाहणाऱ्याला सहज वार्ताहर वाटावा असा. तो शिवरासन, कटाचा सूत्रधार. दुसऱ्या एका चित्रात बायकांच्या घोळक्यात कटातल्या नलिनी आणि शुभा बसलेल्या. ही फिल्म नसती तर तपास किती भरकटला असता याची कल्पना करवत नाही.

पण ही हरकत माझा मुद्दा खोडत नाही, उलट पक्का करते. हरिबाबू तिथे योगायोगाने नव्हता. तपास यंत्रणेच्या म्हणण्यानुसार तो कटातलाच होता, आणि तो हारही त्यानेच ‘पुम्पुहार’ या हस्तकलेच्या दुकानातून विकत घेतला होता. त्याची पावती त्याच्या घरी सापडली. म्हणजे कॅमेरा मारेकऱ्यांनीच आणलेला, आपल्या पराक्रमाची नोंद व्हावी म्हणून. त्यांना हवं होतं एक चित्र आणि फिल्मवर उतरलं त्याहून बरंच जास्त: कोण कुणाच्या शेजारी उभं होतं, कुणाच्या अंगावर कोणते कपडे होते. तमिळनाडूचे न्यायवैद्यक तज्ज्ञ चंद्रशेखरन यांनी घटनास्थळी मिळालेल्या कापडाच्या चिंध्या चित्रातल्या पोशाखाशी ताडून पाहिल्या आणि बॉम्ब हार घेतलेल्या त्या तरुणीच्याच अंगावर होता हे दाखवलं. चित्र, चिंधी आणि पावती एकत्र आली तेव्हा साक्ष उभी राहिली. एकट्या चित्राने धनूचं नाव सांगितलं नसतं आणि शिवरासनला वार्ताहरच ठरवलं असतं. शिवाय चित्राची मर्यादाही याच खटल्यात दिसते. खालच्या न्यायालयाने सर्वच्या सर्व २६ आरोपींना फाशी सुनावली. त्यांतल्या १९ जणांना सर्वोच्च न्यायालयाने ११ मे १९९९ रोजी हत्येच्या आरोपातून मोकळं केलं. फिल्मवर दिसलेली मुख्य माणसं तोवर मेलेली होती आणि उरलेल्यांचा निकाल प्रामुख्याने कबुलीजबाबांवर लागला.

हे सगळं बाबूरावांच्याच मुलखाला, आजच्या गडचिरोलीला, लावून पाहिलं पाहिजे, कारण गेली चार दशकं या जिल्ह्यातून बाहेर जाणारी बातमी बहुतेक वेळा मृतदेहाच्या चित्रासह जाते. सरपंच, पोलीस पाटील किंवा पक्षाचा कार्यकर्ता ‘खबऱ्या’ ठरवून मारला जातो आणि सकाळी रस्त्यावर देह व शेजारी माओवाद्यांचं पत्रक असं चित्र येतं. दुसरीकडे चकमकीनंतर ओळीने ठेवलेले देह, समोर मांडलेल्या बंदुका, मागे जवान. २२ एप्रिल २०१८ ला कसनासूर-बोरियाजवळ चकमक झाली, नंतर इंद्रावतीच्या पात्रातून आणखी देह निघाले आणि जिमलगट्ट्याकडची दुसरी चकमक धरून आकडा ४० वर गेला, तेव्हाही देशाने पाहिली ती नंतरची चित्रं. दोन्ही प्रकारांत कॅमेरा मरणानंतर पोचतो आणि देह ज्याच्या ताब्यात असतो त्याच्या परवानगीने पोचतो. दोन्ही बाजूंचं पाप सारखंच, असं मी म्हणत नाही. निःशस्त्र सरपंचाचा खून आणि सशस्त्र चकमक एका तागडीत बसत नाहीत. पण दोन्हींची चित्रं वाचण्याची रीत एकच असायला हवी.

कुणी म्हणेल, इतकी शंका घेत बसलं तर काहीच सिद्ध होणार नाही आणि खुनी सुटतील. मला उलटं वाटतं. शंका चित्रावर नाही, एकट्या चित्रावर आहे. पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली पोलीस चकमकींतल्या मृत्यूंसाठी जे नियम घालून दिले, त्यांत मृताची रंगीत छायाचित्रं, जमल्यास घटनास्थळाचं चित्रण आणि शवविच्छेदनाची चित्रफीत जपून ठेवणं सांगितलं आहे. दिशा बरोबर आहे. छापून आलेलं एक चित्र पुरेसं नाही. त्याच्या आधीची नि नंतरची, न कापलेली, वेळेच्या नोंदीसह सगळी चित्रं हवीत. तोच नियम वर्तमानपत्रांनीही पाळावा. अहेरी, एटापल्ली, भामरागडच्या वार्ताहरांनी काढलेल्या चित्रांतलं एक छापलं जातं आणि बाकीची जुन्या फोनमध्ये किंवा बंद पडलेल्या संगणकात संपून जातात. हरिबाबूच्या फिल्मवरून दिसलं ते हेच, की महत्त्वाचा माणूस चित्राच्या कडेला उभा असू शकतो, आणि जागा वाचवायला संपादक आधी कापतो ती कडाच. गोंडवाना विद्यापीठाने किंवा जिल्हा ग्रंथालयाने ही चित्रं, काढणाऱ्याचं नाव, तारीख, गाव आणि तिथे त्याला कुणी नेलं या नोंदीसह, आताच मागून घ्यायला हवीत. ती काढणारे बहुतेक अजून हयात आहेत, त्यांना विचारता येतं.