चाकोरी सोडली, की ट्रक रुततो

‘चाकोरी’ हा शब्द आपण आता नाक मुरडूनच उच्चारतो. पण तो मूळचा बैलगाडीच्या चाकांचा. पावसाळ्यात काळ्या रानातून गाडी काढणाऱ्याला त्याची किंमत ठाऊक असते. दाबल्या गेलेल्या वाटेवर चाक पडलं तर गाडी निघते, बाजूला पडलं तर रुतते. एवढंच शहाणपण अंगी बाणायला सोव्हिएत लष्करी ट्रकला दहा वर्षं लागली.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्याचा मोठा भार अमेरिकेनं पाठवलेल्या स्टुडबेकर ट्रकांनी वाहिला. ‘कात्युशा’ अग्निबाणांचे सांगाडेही त्यांच्यावर चढवले होते. युद्ध संपलं, दोस्ती आटली. मग 1948 मध्ये मॉस्कोच्या स्टालिन कारखान्यानं स्वतःचा ‘झिस-151’ काढला. तीन आस, आणि तिन्हींना इंजिनाची ताकद. मात्र मागच्या दोन्ही आसांवर जोडचाकं होती.

डांबरी रस्त्यावर जोडचाकं चांगलीच. ओझं वाटून घेतात. चिखलात आणि बर्फात मात्र तीच अंगाशी आली. पुढचं एकेरी चाक जी वाट पाडी, ती मागच्या जोडीला पुरत नसे. जोडीला आपली वाट नव्यानं कापावी लागे आणि इंजिनाचा जीव त्यातच जाई. सैनिकांनी या जड गाडीला ‘इस्त्री’ असं नाव ठेवलं. नाव गमतीचं असलं, तरी प्रश्न गमतीचा नव्हता. ट्रक अडकला, की भाकरी आणि दारूगोळा मागं राहतो, आणि जखमी पुढंच राहतात.

1956 मध्ये कारखान्याच्या नावातून स्टालिन गेले आणि तिथले संचालक लिखाचोव्ह यांचं नाव आलं. ‘झिस’चा ‘झिल’ झाला. 1958 च्या ‘झिल-157’ला मागंही एकेरी, रुंद चाकं बसली. मागचं चाक आता बरोबर पुढच्याच्या चाकोरीतून जाऊ लागलं. शिवाय चालकाला जागेवर बसून टायरमधली हवा कमी-जास्त करता येऊ लागली. हवा कमी केली, की टायर पसरतो, जमिनीवरचा दाब घटतो आणि गाडी रुतत नाही. गोळीनं टायरला भोक पडलं, तरी कॉम्प्रेसर हवा भरत राहतो आणि गाडी चालत राहते.

हीच रचना घेऊन 1961 पासून उरल पर्वताजवळच्या मियास शहरात ‘उरल-375’ तयार होऊ लागला. त्याच्या पाठीवर 40 नळ्यांचा ‘ग्राद’ अग्निबाण-प्रक्षेपक आला. खोट एकच, पेट्रोलची तहान: शंभर किलोमीटरला जवळपास 50 लिटर! म्हणून 1977 मध्ये डिझेलवरचा ‘उरल-4320’ आला.

ग्राद आपल्या तोफखान्यातही आले. 1999 च्या कारगिल युद्धात त्यांनी शिखरांवरच्या शत्रूवर मारा केला. पुढं त्यांच्या नळ्या देशी ‘स्टॅलियन’ ट्रकवरही बसवल्या गेल्या.

आपल्या नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, हा विषय परका नाही. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी आणि त्यांच्या चाचण्या घेणारी व्हीआरडीई ही संस्था इथलीच. 1994 मध्ये सुरू झालेलं रणगाडा संग्रहालय पाहायला लांबून माणसं येतात, आणि रणगाड्यापाशी उभं राहून फोटोही काढतात. त्या रणगाड्याला इंधन पुरवणाऱ्या ट्रकचा फोटो कोण काढतो? रस्त्यात लष्करी ट्रकांची रांग आडवी आली, तर हॉर्न वाजवण्याआधी मागची चाकं पाहा. ती एकेरी असतील, तर का, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)