उसाच्या फडातले बिऱ्हाड



गळीत हंगाम तोंडावर आला की नांदे गावच्या पारावर दोन विषय हमखास निघतात. एक, टोळी कधी येणार. दुसरा, फडात वाघ दिसला की काय. आपण वाघ म्हणतो तो बिबट्या. "डोंगरातून वाट चुकून खाली आला असंल," असे म्हणून आपण मोकळे होतो. आमचीही समजूत तीच होती. पण अकोले तालुक्यात जे आढळले ते वाचून ती आम्ही सोडली.

तिथल्या ऊसपट्ट्यात डॉ. विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रात्रीचे कॅमेरे लावले. २०१३ साली त्यांनी प्रसिद्ध केले, की शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच बिबटे नांदत होते, आणि माणसांची वस्ती होती एका चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर! पुढे विष्ठा गोळा करून तपासली. पोटात गेलेल्या मांसात, वजनाने पाहता, कुत्री ३९ टक्के, मांजरे १५ आणि शेळ्या ११ टक्के. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट, तरी बिबट्याचा हात कुत्र्यावरच. कारण सरळ आहे. शेळी रात्री गोठ्यात कोंडलेली असते, कुत्रे मोकळे फिरते.

शेती जवळ आली की जनावराचे खाणे बदलते आणि वागणेही. युगांडात किन्यारा साखर कारखान्याच्या परिसरातले फड बुडोंगोच्या जंगलाला भिडले, तर तिथले चिंपांझी उसाला चटावले. त्याच देशात किबालेचे चिंपांझी, एरवी दिवसा हिंडणारे, रात्री मक्यात उतरू लागले. आपला बिबट्या ऊस खात नाही. पण आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा राहतो. सावली, पाणी, लपण, सगळे त्यात आले. दिवसा तो तिथे पडून राहतो, अंधार पडला की बांधाने वस्तीकडे निघतो. मादी फडातच विते. अशा पिलांनी डोंगर पाहिलेलाच नसतो, मग "परत" कुठे जायचे?

पिंजरा लावून लांब सोडा, ही मागणी आम्हीही केलेली आहे. जुन्नरकडे तसे करून पाहिले. १९९३ ते २००१ या काळात वर्षाला सरासरी ४ माणसांवर हल्ले होत. बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा लागला आणि २००१ ते २००३ मध्ये हा आकडा १७ वर गेला. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरते, असा अभ्यासकांचा निष्कर्ष.

म्हणून कोणी भीती बाळगू नये असे आम्ही म्हणणार नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेडला लेकरे गेली. ज्याचे घर फडाला लागून आहे त्याला आकडे सांगून काय होणार?

तोडीच्या दिवसांत सर्वात उघड्यावर असतात ती टोळीची माणसे. कोपीला दार नाही, पोरे फडाच्या कडेला निजवलेली. फडमालकाने कोप्या उभ्या उसापासून लांब, मोकळ्या रानात घालून द्याव्यात आणि तिथे दिवा द्यावा. पोरांजवळ एक मोठे माणूस बसवावे. वाकून काम करणाऱ्याने अधूनमधून उभे राहून आवाज करावा. रात्रपाळीच्या विजेवर पाणी धरायला एकट्याने जाऊ नये. (दिवसा वीज द्या, हे आपले जुनेच गाऱ्हाणे!)

पिले सापडली तर उचलून घरी आणू नका, गर्दी करू नका. तोड थांबवा आणि वनखात्याला १९२६ वर कळवा. ते पिले त्याच जागी ठेवतात, रात्री मादी येऊन नेते. पिले हलवली तर ती शोधत वस्तीत फिरते.

आणि कुत्र्यांचे बघा. आपल्याकडे इमारती वाढल्या तसे रस्त्याकडेचे उकिरडेही वाढले आणि त्यावर कुत्र्यांचे थवे. मेलेली कोंबडी, उरलेले मटण ओढ्यात टाकणारे आपल्यातलेच आहेत. पुढच्या ग्रामसभेत हा विषय आम्ही मांडणार आहोत. सभासदांनी हजर राहावे.