एपिसोडचा मजकूर: मी एका जर्मन अधिकाऱ्याचे तुकडे कसे केले

मागच्या वेळी बऱ्याच जणांनी मेसेज केले की जर्मन नावं ऐकून कळत नाहीत, लिहूनही टाक. म्हणून हा एपिसोडचा मजकूर. माझे "अं... म्हणजे..." कापलेत, बाकी जवळपास तसंच आहे.

तर गोष्ट बर्लिनमधली. मी इथे तीन वर्षं बॅकएंडचं काम करतोय. रविवारी जुना बाजार भरतो, आपल्या पुण्यातल्या जुन्या बाजाराचा चुलतभाऊच म्हणा. तिथे एका टेबलावर मला मेडल बार दिसला. मेडल बार म्हणजे एका आडव्या पट्टीवर ओळीने शिवलेली पदकं, कोटावर एकदम लावता येतील अशी. सहा पदकं होती. मला त्यातलं एकच हवं होतं, पहिलं, १८७० चा आयर्न क्रॉस. पूर्ण बार खिशाला परवडणारा नव्हता. विकणारे आजोबा म्हणाले, "मग एकच घे की." मी हो म्हणालो. त्यांनी कात्री काढली, दोरा कापला, क्रॉस त्याच्या फितीसकट माझ्या हातात दिला. दोन मिनिटांचं काम.

मी काय घालवलं ते कळायला मला दोन आठवडे लागले.

आधी हे बघा. तुमच्यापैकी साताऱ्या-कोल्हापूरकडच्या काही घरांत पणजोबांचं पहिल्या महायुद्धातलं मेडल असेल. ते ब्रिटिशांनी दिलेलं, आणि त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव, पलटण असं कोरलेलं असतं. एकटं मेडल सापडलं तरी माणूस सापडू शकतो. जर्मन पदकांचं तसं नाही. १८७० चा आयर्न क्रॉस बघा: पुढे मुकुट, W हे अक्षर आणि साल, मागे FW, ओकची पानं आणि १८१३. संपलं. दुसऱ्या वर्गाचे असे क्रॉस चाळीस हजारांहून जास्त वाटले गेले. पहिल्या वर्गाचे फक्त तेराशेच्या आसपास, पण नाव त्यांच्यावरही नाही. म्हणजे डेटाबेसच्या भाषेत, एका पदकाला युनिक आयडी नाही. आयडी तयार होतो तो सहा पदकं एकत्र आल्यावर.

हे कसं वाचायचं ते आपल्याला माहीत असलेल्या माणसावर करून बघू. पाउल फॉन हिंडेनबुर्ग, जो पुढे जर्मनीचा राष्ट्राध्यक्ष झाला. १८६६ साली प्रशिया आणि ऑस्ट्रिया क्योनिगग्रेट्झला भिडले तेव्हा हा अठरा वर्षांचा लेफ्टनंट होता. त्याबद्दल त्याला रेड ईगल ऑर्डरचा चौथा वर्ग मिळाला, तलवारींसह. या तलवारी महत्त्वाच्या. क्रॉसवर आडव्यातिडव्या दोन तलवारी असतील तर मान रणांगणावरचा. नसतील तर बहुतेक वेळा शांततेतल्या नोकरीचा, म्हणजे साहेब खूश होते एवढाच अर्थ. मग १८६६ च्या युद्धाचा स्मृतिक्रॉस. तो ऑस्ट्रियाकडून जिंकलेल्या तोफांच्या धातूचा. त्यातही प्रकार आहेत: खुद्द क्योनिगग्रेट्झला लढलेल्यांचा वेगळा, माइन आर्मीत असलेल्यांचा वेगळा. पुढे १८७० ला फ्रान्सशी युद्ध, सेंट प्रिव्हाला गार्ड्सची भयंकर हानी, आणि हिंडेनबुर्गला आयर्न क्रॉस. एवढी तीन पदकं ओळीत दिसली तर नाव न सांगताही कळतं की हा माणूस गार्ड्समधला असू शकतो, दोन्ही युद्धांत होता, आणि पहिल्या युद्धात त्याने काहीतरी करून दाखवलं होतं.

आता माझा बार. नशीब की कात्री चालायच्या आधी मी मोबाइलवर एक फोटो काढला होता.

माझ्याकडच्या फितीवर ओकची तीन छोटी पानं आहेत, त्यावर २५ आकडा. ही १८९५ साली आली, युद्धाला पंचवीस वर्षं झाली म्हणून. म्हणजे माझा अधिकारी १८९५ ला जिवंत होता. फोटोत दुसरं रेड ईगल, तलवारी नाहीत. तिसरा पंचवीस वर्षं सेवेचा क्रॉस, जो फक्त अधिकाऱ्यांना मिळे. त्यात युद्धातली वर्षं दुप्पट धरत. (अप्रेझलवाल्यांनी शिकावं.) चौथं १८७०-७१ च्या युद्धाचं पदक, ब्राँझचं. लढणाऱ्यांना ब्राँझ, न लढणाऱ्यांना पोलाद, म्हणजे हा लढला होता. पाचवं १८९७ चं, पहिल्या विल्हेल्मच्या जन्मशताब्दीचं. त्यावरून बार त्या सालानंतरच शिवलाय हेही ठरतं, लॉगमधली शेवटची एंट्री असते तसं.

जे नाही तेही बोलतं. १८६६ चा क्रॉस बारवर नाही. म्हणजे एकतर तो तेव्हा सैन्यात नव्हता, किंवा... समोरच्या बाजूला होता! हॅनोवरचं सैन्य त्या वर्षी प्रशियाविरुद्ध लढलं आणि पुढे त्यातले कितीतरी अधिकारी प्रशियाच्या नोकरीत आले.

सहावं पदक शेवटी होतं, कारण प्रशियाची पदकं आधी, मग इतर जर्मन संस्थानांची, मग परदेशी. हे साक्स-एर्नेस्टाइन घराण्याच्या ऑर्डरचं. कोबुर्ग-गोथासारख्या छोट्या संस्थानांची ही ऑर्डर. ती बरेचदा तिथे छावणी असलेल्या रेजिमेंटच्या अधिकाऱ्यांना मिळे, उदाहरणार्थ ९५ व्या इन्फंट्रीला. शोध एकदम एवढासा होतो तो अशा पदकामुळे.

शोधायचं कुठे? प्रशियन लष्कराचं दफ्तर पोट्सडॅमला होतं आणि एप्रिल १९४५ च्या बाँबहल्ल्यात ते जळालं. अधिकाऱ्यांच्या वैयक्तिक फाइली गेल्या. (बव्हेरियाचं लष्करी दफ्तर म्युनिकला वाचलं. तुमचा अधिकारी बव्हेरियन असेल तर मजा आहे.) पण प्रशिया दरवर्षी रांगलिस्टे नावाचं जाडजूड पुस्तक छापायची: रेजिमेंटनुसार प्रत्येक अधिकारी, आणि नावापुढे त्याच्या मानचिन्हांची संक्षिप्त रूपं. यातली बरीच पुस्तकं स्कॅन झाली आहेत. मी स्क्रिप्ट लिहिली. जुनी गॉथिक छपाई, त्यातला लांब s आणि f ओसीआरला सारखेच वाटतात, त्यामुळे पहिला शनिवार-रविवार कचरा आउटपुट साफ करण्यात गेला. शेवटी आयर्न क्रॉस, तलवारींशिवाय रेड ईगल, सेवा क्रॉस आणि एर्नेस्टाइन अशा चार अटी लावल्यावर नऊ नावं उरली. त्यातली चार ९५ व्या रेजिमेंटमधली.

नवावरून एकावर यायला फक्त एक गोष्ट हवी. १८७०-७१ च्या पदकाच्या फितीवर लढायांच्या नावाच्या पट्ट्या लावत, ही सोयही १८९५ ची. ९५ वी रेजिमेंट व्योर्थला होती, सेदानला होती, पुढे पॅरिस आणि ल मांपर्यंत गेली. सेंट प्रिव्हाला नव्हती. वरची पट्टी व्योर्थ असेल तर चारांपैकी कुणीतरी, ग्राव्हलॉट-सेंट प्रिव्हा असेल तर उरलेल्या पाचांपैकी. माझ्या फोटोत पट्ट्या आहेत. पण फोकस होता आयर्न क्रॉसवर, कारण मला तेवढाच हवा होता. पट्ट्या चार का सहा तेही मोजता येत नाही.

मी पुढच्या रविवारी गेलो. आजोबांना आठवत होतं. राहिलेली पाचही वेगवेगळ्या लोकांना गेली. मी एक कापल्यावर बाकीच्यांनाही सुटी मागायला संकोच राहिला नाही, आणि त्यांनाही सुटी विकून जास्त पैसे मिळाले. यात त्यांची चूक मी तरी म्हणणार नाही.

तुम्ही या नादाला लागणार असाल तर क्रॉसबद्दल दोन गोष्टी पटकन. खऱ्या १८७० च्या क्रॉसचा गाभा लोखंडी आणि चौकट चांदीची. चुंबक चिकटलाच पाहिजे. चिकटला म्हणून खरा असं मात्र नाही, नकली बनवणारेही लोखंड वापरतात. चौकट दोन भागांची, जोड कडेला भिंगातून दिसतो. आणि फितीवर अतिनील टॉर्च मारा: आजच्या धाग्यात आणि साबणात चमक आणणारी रसायनं असतात, ती निळसर उजळतात, एकोणिसाव्या शतकातला न धुतलेला धागा मंद राहतो. माझा मंदच राहिला. क्रॉस खरा आहे.

अख्खा बार मिळाला तर सुटा करू नका, आणि आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पट्ट्यांचे जवळून. मागची शिलाईसुद्धा. एकाच हातची, एकाच दोऱ्याची असेल तर बार मूळचा असण्याची शक्यता बरीच. नवीन दोरा दिसला तर कुणीतरी सहा जणांची पदकं गोळा करून एक खोटा अधिकारी शिवलाय अशी शंका घ्या.

नऊ नावांची यादी फोनमध्ये आहे. १८७०-७१ ची सुटी पदकं विकायला दिसली की मी पट्ट्या वाचतो आणि फितीच्या कडेला कापलेला दोरा आहे का बघतो. गेल्या महिन्यात एक दिसलं होतं, पण पोलादाचं निघालं.

चला, पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. ओसीआरची स्क्रिप्ट हवी असेल तर मेसेज करा, अजून बरीच घाण आहे त्यात, पण चालते.